संत्र्याची चौथी बरणी

मी जन्माची उतावळी. भात झाला की नाही हे पाहायला चारदा झाकण काढायची आणि भात कच्चा राहिला की स्टोव्हला शिव्या घालायची. एकोणीसशे सत्तरच्या आसपास लग्न होऊन अजनीच्या रेल्वे क्वार्टरात आले. माझी ही खोड सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखली, आणि शेजारच्या सिस्टरनी दुसऱ्या.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती नर्स. क्वार्टरांच्या कुंपणापलीकडच्या घरात एकट्या राहायच्या. सगळी लाइन त्यांना सिस्टरच म्हणायची. दर नाताळला चर्चमधून आल्यावर त्यांच्या घरी माणसं जमायची आणि सिस्टर प्रत्येकाला घरी केलेली संत्र्याची वाईन द्यायच्या, एवढ्याशा पेल्यात. तीस वर्षं यात खंड नव्हता. पण संधिवातानं त्यांची बोटं पार वाकडी झाली होती, संत्रं सोलणंही जमेना. फेब्रुवारीत बाजारात मृग बहाराची संत्री आली तशी त्यांनी मला कुंपणावरून हाक मारली.

"हात तुये, डोकं माह्यं. करशीन का वं?"

मी तिथल्या तिथे हो म्हटलं. सासूबाईंना सांगितलं, सरबत आहे.

दोन डझन संत्री सोलली, कडू लागू नये म्हणून पांढऱ्या शिरा आणि बिया काढल्या, रस मलमलच्या कापडातून गाळला. रेशनच्या साखरेचं पाणी उकळून त्यात ओतलं आणि पाववाल्याकडून आणलेलं खमीर घातलं. बरणी तेवढी मी माझ्या अकलेनं तयार केली. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला हिंगाची धुरी देतात, तशी चांगली सणसणीत धुरी दिली. आठ दिवस झाले तरी आत हूं नाही की चूं नाही. सिस्टरनी झाकण काढून वास घेतला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"लोणचं घातलं का वं?"

मग मात्र स्टुलावर बसून त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. पहिल्यापासून सगळं सांग, पेशंट सांगतो तसं, काही लपवू नको. पाणी कोमट होतं की कढत? कढत होतं, मला धीर कुठला! खमीर तिथेच मेलं होतं आणि हिंगानं उरलंसुरलं नासवलं होतं.

दुसऱ्या खेपेला पाणी कोमट केलं, धुरी दिली नाही. सिस्टर म्हणाल्या होत्या, नुसतं फडकं बांध. मला ते उघडंबोडकं वाटलं. मी वर झाकण घालून सुतळीनं करकचून आवळलं. चौथ्या दिवशी दुपारी झाकण उडालं आणि सासूबाईंच्या धुतल्या लुगड्यांवर संत्र्याचा सडा पडला. वासावरून त्यांना सरबत काय ते कळलं. "रेशनची साखर या भट्टीत घालून राहिली का तू? म्हणून आम्ही गुळाचा चहा पिऊन राहिलो!" दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. बरणी सिस्टरच्या स्वयंपाकघरात गेली.

तिसऱ्या बरणीला सिस्टरनी दवाखान्यातली रबरी नळी काढली. एक टोक बरणीच्या तोंडात, भोवती कणकेचा लेप, दुसरं टोक पाण्याच्या कपात. कपात बुडबुडे येतात तोवर आतलं काम चालू. "नाडी पाहाची. पोट फाडून पाहाचं नाई," त्या म्हणाल्या. मी नाडी पाहिली, आणि त्यांची पाठ वळली की लेप काढून पोटही फाडून पाहिलं. महिन्याभरात सगळं आंबटढाण झालं. सिस्टर रागावल्या नाहीत. सिरका झाला, कांद्यावर घालू म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला इतकी लाज वाटली.

मग उन्हाळा आला, संत्री संपली. पावसाळ्यात सिस्टरचं जेवण तुटलं. एकदा मी त्यांचे तांदूळ निवडत होते, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "पोटात गाठ आहे. डॉक्टर गोल गोल बोलून राहिला, पण मले कोण फसवणार? नाताळ दिसला तर दिसला. एक पेला घरच्या वाईनचा पाह्यजे, बस. विकतची नाई."

मी निवडत राहिले. तांदळातले खडे दिसेनासे झाले होते.

दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री आली आणि चौथी बरणी लागली. या वेळी मी शहाण्यासारखी वागले. कोमट पाणी, साधी बरणी, नळी, लेप. सिस्टरनी खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घेतली. आम्ही दोघी कपातले बुडबुडे पाहत बसायचो. लेपाला मी बोट लावलं नाही. डिसेंबर लागला तसे बुडबुडे थांबले, मी रस हलक्या हातानं तीन बाटल्यांत काढला. गढूळ होता. निवळायला वेळ लागणार होता.

नाताळला आठ दिवस होते. सिस्टर आता पाणीही चमच्यानं घ्यायच्या. त्या सकाळी बाटलीकडे बघून म्हणाल्या, "दे वं जरासी. चमचाभर."

आणि मी, जन्माची उतावळी, म्हणाले, "अजून गढूळ आहे सिस्टर. तुम्हीच शिकवलं ना? आठ दिवस थांबा, नाताळाले काचेवानी नितळ पेला देते तुम्हाले."

त्या हसल्या. "शिकली वं तू," म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली. मला केवढा अभिमान वाटला! घरी येऊन सासूबाईंनाही सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर गेल्या.

नाताळला चर्चची माणसं आली. वाईन निवळली होती, बाटलीपलीकडची खिडकी दिसत होती. मी सगळ्यांना पेले भरून दिले. सगळे म्हणाले, हुबेहूब सिस्टरच्या हातची. मी एक घोट घेतला. खरंच चांगली झाली होती, आणि ती चांगली झाली याचाच मला भयंकर राग आला. चमचाभर गढूळ वाईननं काय बिघडणार होतं? ज्या बाईचं पोटच गेलं होतं तिचं काय बिघडणार होतं?

नंतर मी कधी वाईन लावली नाही. लोणचं मात्र दर वर्षी घालते. घालून दोन दिवस होतात न होतात तोच नात वाटी घेऊन येते आणि मी बरणी उघडून कच्ची फोड तिच्या वाटीत टाकते.

सून म्हणते, "आई, अजून मुरलं नाही ते."

मी म्हणते, "माहीत आहे मला."