तळ्यातली वाडी

ती केस डोक्यातून जात नाही, आणि जाऊही नये.

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात महाराष्ट्राच्या सीमेलगत तळ्याकाठचं एक गाव आहे. मी तिथे ठाणेदार होतो तेव्हा ते नुकतंच नगरपालिका झालं होतं. पालिका झाली की आधी बोर्ड येतो, मग प्लॉटवाले. गाव जगायचं ते कापसावर, तळ्यातल्या मासळीवर आणि पाणी हटलं की उघड्या पडणाऱ्या गाळावर. त्या गाळात माळी काकडी, टरबूज, वांग्यांच्या वाड्या लावत.

एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी खबऱ्याचा फोन आला: तळ्याच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, पाणी सोडायची मोरी कोणीतरी उघडली आहे, तळं नाल्याने वाहून चाललं आहे. भर दुपारी पोचलो. साठीचा एक माळी मोरीपाशी आरामात बिडी ओढत बसला होता. पळालाही नाही. त्याला ठाण्यात आणला. पालिकेने तासाभरात फिर्याद दिली. एवढी तत्परता त्या पालिकेत मी पुन्हा पाहिली नाही.

गुन्हेगार असा बसून राहत नाही. म्हणून आवाज न चढवता चहा मागवला आणि विचारलं, मोरीची चावी कुठे असते? पालिकेत, म्हणाला. मग तुमच्याकडे कशी आली?

"नगरसेवकानं देल्ली साहेब. म्हणे, यंदा पुरं पाणी सोड, दुप्पट लावजो. थोडं त आमी दरसाल सोडतोच."

नगरसेवकाला तळं कोरडं दाखवून मोजणी उरकायची होती. त्याच्या घरी प्लॉट आखलेला नकाशाच सापडला. तो आरोपी झाला, माळी साक्षीदार. वरिष्ठांनी पाठ थोपटली, मीही फुगलो.

जबाब घेताना विचारलं होतं, वाडीची जमीन कुणाची? "शिकम हाये," माळी म्हणाला. मी शहरातल्या नोकरदार घरातला. शिकमी म्हणजे पोटकूळ, दुसऱ्याची जमीन कसणारा, एवढंच मला ठाऊक. जबाब तेलुगूत लिहायचा, त्यात 'पोटकूळ' असंच लिहून टाकलं. निजामाच्या काळापासून इथल्या महसुलात शिकम म्हणजे तळ्याचं पोट, पाण्याखालची सरकारी जमीन. गावातल्या कुठल्याही माळणीने हे सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

कोर्टात आरोपीच्या वकिलाने त्याच शब्दावर माझी उलटतपासणी घेतली. पोटकूळ आहे म्हणजे मालकही असणार, आणि मालक म्हणून नगरसेवकाच्या चुलत्याचा कागद तयारच होता. जमीन खासगी ठरली आणि आरोपी सुटला. महसूलवाल्यांनी माझ्याच जबाबाचा दाखला दिला आणि वाडीला कुंपण पडलं.

पुढे माळी मला बाजारात भेटला. दुसऱ्याची काकडी विकत घेऊन विकत होता. मी माफी मागितली. तो वजन करता करता म्हणाला, "मी शिकम म्हटलं साहेब, तुमी काऊन दुसरं लेहलं? एक डाव वाचून तरी दाखवाचं होतं."

चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या जबाबाखाली शेवटची ओळ माझ्याच अक्षरात आहे: वाचून दाखवला, बरोबर असल्याचे सांगितले. सबंध नोकरीत प्रत्येक जबाबाखाली मी ही ओळ लिहिली. खरोखर वाचून दाखवलेले जबाब मला आठवतात. ते फार नाहीत.