दारातले दुखणे

तुमचे डॉक्टर पुढच्या पेशंटसाठी बेल कधी वाजवतात? तुम्ही खोलीबाहेर पडल्यावर, की खुर्चीतून उठता उठता?

गोव्यातल्या कोरगावजवळच्या एका छोट्या दवाखान्यात ती उठता उठता वाजायची. तिथले डॉक्टर कामत एकदा वैतागून मला म्हणाले, "मिताली, ही माणसं नीट सांगतच नाहीत गो. काय होतंय विचारलं की म्हणतात, बरां आसा. मी काय ज्योतिषी?"

मी भाषाविज्ञानात पीएच.डी. करते. शब्दांचे अर्थ कोशात मिळतात. मला बोलण्याचा अर्थ हवा असतो. कोण कधी बोलला, कधी गप्प राहिला, समोरच्याने त्यावर काय केले, हे मी रेकॉर्डिंग ऐकून बारकाईने उतरवते. त्या उताऱ्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात. डॉक्टर आणि पेशंट या दोघांच्या परवानगीने मी तपासणीच्या खोलीत रेकॉर्डर ठेवत असे.

"ही माणसं नीट सांगत नाहीत" हे वाक्य मी पंचायतीत ऐकले आहे, बँकेत ऐकले आहे. दर वेळी दोष सांगणाऱ्याचा. ऐकणाऱ्याला कोणी तपासत नाही. मला याची चीड आहे.

एका दुपारी मागच्या खोलीत बसून मी रुक्मिणीकाकींचे सकाळचे रेकॉर्डिंग लावले. काकी काजूच्या बागेत राबणाऱ्या, साठी ओलांडलेल्या. त्यांनी डॉक्टरांना मुलाच्या लग्नाचे सांगितले, यंदाच्या मोहराचे सांगितले.

"पण तुम्हाला काय होतंय?"

"काय नाय, बरां आसा. जरा अशक्तपणा."

डॉक्टरांनी टॉनिक लिहिले. खुर्ची सरकली. दार करकरले. आणि मग दारातून काकींचा आवाज आला, "येतंय हां डॉक्टर. तशी बागेतली चढण चढताना छातीर दडपल्यासारखां जाता. हातय भरून येता."

त्यावर बेल. पाठोपाठ कंपाउंडरची हाक, "पुढचो कोण?"

अभ्यासकाने चालू डेटात हात घालायचा नाही, असा नियम आहे. मी गाईड मॅडमना फोन केला.

"तू मध्ये पडलीस तर या दवाखान्याचा डेटा वाया जाईल," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे. बाई जायला नको."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीयेस?"

मी डॉक्टरांकडे गेले. ते उखडले. "तिने मला असं काही सांगितलंच नाही!"

"सांगितलं, डॉक्टर. ऐका."

त्यांनी ऐकले. त्यांचा चेहरा उतरला. "बाहेर रांग असते गो. एकटा माणूस मी..." वाक्य अर्धे टाकून त्यांनी गाडीची किल्ली उचलली. काकींना घरून आणले, ईसीजी काढला आणि लगेच म्हापशाच्या हॉस्पिटलात पाठवले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. ती वेळेत उघडली. काकी घरी परतल्या.

काकींचे काहीच चुकले नव्हते. आमच्याकडे गरज घेऊन आलेला माणूस बसल्या जागी गरज सांगत नाही. बसून सांगणे म्हणजे हात पसरणे. चहा होतो, इकडच्या तिकडच्या गजाली होतात, तो उठतो. घरचे माणूस त्याच्याबरोबर कुंपणाबाहेरच्या पाणंदीपर्यंत चालत जाते आणि तिथे मुद्द्याचे बोलणे होते. बरोबर चालायचे ते त्यासाठीच. काकी दवाखान्यातही तशाच वागल्या. फक्त बरोबर कोणी चालले नाही. जुनी रेकॉर्डिंग काढली तर आणखी कितीतरी पेशंट दारात बोललेले निघाले. सगळ्यांवर बेल.

हे मी सांगितले तेव्हा डॉक्टरांनी टेबलावरची बेल बाजूला सरकवली. मग म्हणाले, "आमच्या आईने कधी कोणाला दारातून एकट्याला जाऊ दिलं नाही."

आता बेल टेबलावर नाही, दाराच्या चौकटीला आहे. डॉक्टर प्रत्येकाबरोबर तिथवर जातात. रांग लांबते, लोक कुरकुरतात. तपासणीला आलेल्या काकी त्यांना म्हणाल्या, "डॉक्टर, माका वाटला, तुमी आता घराकडेच येतालास!"

माझ्या प्रबंधातून तो दवाखाना गळला. निष्कर्ष तेवढा हाती राहिला. लोक सांगतात. आपण तोवर पुढच्या माणसाकडे वळलेले असतो.

तेव्हा आज तुमच्याकडून कोणी निघाले, तर बसल्या जागेवरून हात हलवू नका. उठा. दारापर्यंत त्याच्याबरोबर चला. आणि दारात पोचलात की तुम्ही बोलू नका.