वॅफलच्या दिवशीचा रोजा

ओमानमधल्या निझवाच्या त्या हॉटेलात नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी जहूरचाचांचं नाक दाखवत आणि मग बाकीचं हॉटेल. चाचा मूळचे दाभोळचे, आडनाव परकार. बावीस वर्षं सकाळच्या नाश्त्याचं काम त्यांच्याकडे. जुना माल उघडला की पिशवी त्यांच्या नाकाखाली धरायची, हा त्या किचनचा रिवाजच होता. त्यांनी मान हलवली की माल आत, तोंड वाकडं केलं की कचऱ्यात. त्यावर अपील नाही. एकदा त्यांनी लोण्याचा अख्खा खोका परत पाठवला, तेव्हा सप्लायर मस्कतहून भांडायला आला. चाचांनी त्याला तिथेच ते लोणी पावाला लावून खायला दिलं. तो मुकाट्याने खोका घेऊन गेला.

रमजानात तर हे नाक सोन्याच्या मोलाचं. रोजेदार आचाऱ्याला चव बघता येत नाही, पण वास घेतल्याने काही रोजा तुटत नाही. महिनाभर किचनमधली पातेली चाचांच्या नाकासमोरून जायची.

आणि हे नाक जानेवारीत गेलं.

आठ दिवस सडकून ताप आला. ताप उतरल्यावर चाचा कामावर आले, कांदा फोडणीला टाकला. कांदा चरचरला, लाल झाला, आणि चाचांपर्यंत काहीच पोचलं नाही. सर्दी असेल म्हणाले. ओव्याची वाफ घेतली, सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, कलौंजीचं तेल आणून नाकात घातलं, लसूण चावून झाली. जिभेला गोड कळायचं, खारट कळायचं, त्याच्या पलीकडे सगळं कोरं. डॉक्टर म्हणाला, कुणाचा वास महिन्याभरात परत येतो, कुणाचा वर्षाने, कुणाचा येतही नाही. ही काय सांगण्याची रीत झाली? चाचांनी त्या दिवसापासून डॉक्टरचं नाव टाकलं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दाभोळला फोनवर सफूराला, म्हणजे बायकोलासुद्धा नाही. निभावून नेत राहिले. मासळीचे कल्ले बघायचे, अंडी पाण्यात सोडून बघायची, दूध उकळून बघायचं. जिथे डोळ्यांचं चालत नसे तिथे शेजारच्याला विचारायचे, "तुला काय वाटतं?" आणि वर शिकवत असल्याचा आव आणायचे. पोरं खूश, चाचा आता आपल्याला तयार करतायत. पण रोज रात्री अंथरुणावर पडलं की चाचांची झोप उडायची. वयाची पंचावन्न उलटलेली, काँट्रॅक्ट दर दोन वर्षांनी. बिननाकाचा आचारी कोण ठेवणार?

मग रमजान आला आणि चाचांना हायसं वाटलं. चव बघा असं कुणी म्हणणार नव्हतं. पातेलं समोर आलं की वाकायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची. लोकांना तेवढं पुरत होतं. ज्या महिन्यात माणसाने उघडं व्हायचं अल्लासमोर, त्याच महिन्याचा त्यांनी पडदा केला होता, आणि हे त्यांना कळत होतं. लहानपणी मशिदीतले मौलवी सांगायचे, रोजा नुसता पोटाचा नसतो. डोळ्यांचा असतो, कानांचा असतो, जिभेचा तर सगळ्यात कडक. नाकाचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. पण मान हलवून जे खोटं बोलायचं ते जिभेच्याच खात्यात जातं, एवढं कळायला मौलवी लागत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच होती. शेवटचे दहा रोजे सुरू झाले की मेसमध्ये दर वर्षी एकच वाद, चाँद कधी दिसणार. आजवर त्या वादात चाचांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. यंदा ते खाली बघून खजूर खात बसायचे. ईद झाली की चव बघायचा चमचा परत हातात येणार होता. जन्मभर ज्या चाँदची वाट पाहिली तो यंदा दिसूच नये असं त्यांना वाटत होतं, आणि असं वाटल्याची त्यांना भयंकर लाज वाटत होती.

अशा वेळी वॅफलचा दिवस उगवला.

हॉटेलच्या हेडऑफिसात बसून कुणीतरी कॅलेंडर काढतं, त्यात दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाचा सण असतो. चाचांना दोन ईदा पुरत आल्या होत्या, पण हेडऑफिसचं पोट मोठं. मार्चमध्ये वॅफल, म्हणजे चौकड्यांच्या साच्यात भाजलेला परदेशी घावन, तोही साधा नाही; ओट्स आणि अक्रोड घातलेला, पोटभरीचा. त्याच आठवड्यात डोंगर चढायला आलेले जर्मन पाहुणे उतरले होते, तेव्हा कॅन्डिस म्हणाली की झकास झालं. कॅन्डिस वसईची, तिशीतली, नाश्त्याची इनचार्ज. चाचांची साहेब, पण त्यांना अंकल म्हणायची, आणि चाचा तिला बाय म्हणायचे. तिचाही उपासाचा काळ चालू होता. ईस्टरपर्यंत गोड सोडलेलं. वॅफलच्या सणाचे दोन यजमान, एक उपाशी आणि एकीला गोड वर्ज्य. हेडऑफिसला याची काय खबर!

त्या पहाटे फजरची नमाज उरकून चाचा किचनमध्ये आले, तर मस्कतचा माल आलाच नव्हता. कॅन्डिसने स्टोअरच्या कोपऱ्यातून नाताळच्या केकमधली उरलेली अक्रोडाची पिशवी शोधून काढली. पिशवीचं तोंड नुसतं रबर लावून बंद केलेलं. तिने ती चाचांच्या नाकाखाली धरली आणि विचारलं, खवट नाहीत ना?

कोकणातल्या माणसाला खवट काय हे शिकवावं लागत नाही. खवट खोबरं घरात कुठे आहे हे चाचा पूर्वी ओटीवरून सांगत. ते वाकले. डोळे मिटले. आत काहीच नव्हतं, पिशवी नव्हती की अक्रोड नव्हते. त्यांनी मान हलवली.

कॅन्डिस पिशवी घेऊन गेली. अक्रोड भाजले गेले, कुटले गेले, पिठात पडले. रमजान म्हणून आतल्या हॉलचे पडदे ओढलेले, पडद्यामागे जर्मन मंडळी बूट घालून तयार. चाचा काउंटरवर उभे राहिले. हे काम त्यांना अजून येत होतं. पीठ ओतलं, झाकण लावलं, वाफ सू करत निघाली, तिचा आवाज बारीक झाला, थांबला, की वॅफल काढायचा. पहिला वॅफल असा उतरला की बघत राहावं. एक म्हातारी बाई ताटली घेऊन सगळ्यांच्या पुढे आली. पांढरे केस, हसरा चेहरा. चाचांनी वॅफल तिच्या ताटलीत ठेवला, मध घातला. बाईने दोन्ही हातांनी ताटली धरली आणि वाकून खोल वास घेतला.

ती काही बोलण्याआधीच चाचांनी ताटलीवर तळवा ठेवला. बाई दचकली. त्यांनी माफी मागून ताटली परत घेतली आणि कॅन्डिसला मागे बोलावलं.

"मला वास येत नाय, बाय," ते म्हणाले. "जानेवारीपासून नाय. अक्रोड कसे हायत ते मला ठाऊक नाय."

कॅन्डिसने पिशवीत हात घातला, उरलेल्यातला एक अक्रोड तोंडात टाकला. तळातला काढून आणखी एक. सावकाश चावला.

"चांगले आहेत," ती म्हणाली. "एकदम चांगले."

ताटली परत गेली. वॅफल उतरत राहिले, लोक दोनदोनदा आले. चाचा कामात होते, पण मनात एकच घोळत होतं, गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. एवढ्या दिवसांत पकडलो गेलो नाही, आणि सांगितलं ते कधी, तर माल चांगला असताना!

नाश्ता आटोपल्यावर कॅन्डिसने त्यांना स्टोअरमध्ये गाठलं. आता ती चिडलेली होती, आणि चिडायचा तिला हक्क होता. दोन महिने, अंकल? दूध, मासळी, क्रीम? कुणाला काही झालं असतं तर? चाचांनी कल्ल्यांचं सांगितलं, अंड्यांचं सांगितलं, पोरांना विचारून घेतल्याचंही सांगितलं. ऐकताना तिला हसू आलं असावं, पण तिने ते दाबलं. शेवटी तिने विचारलं, मग आजच का सांगितलंत?

"आज चांगले निघाले," चाचा म्हणाले. "उद्याचं कोण सांगणार?"

जनरल मॅनेजरला सांगावं लागेल, असं ती म्हणाली. नोकरी जाऊ नये म्हणून ती बोलेल, काउंटर त्यांच्याकडेच राहील, पण माल तपासायचं काम आजपासून नाही. चाचांनी खिशातून स्टोअरची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. रजा आणि आजारपण सोडलं तर बावीस वर्षांत ती किल्ली दुसऱ्याच्या हातात त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं, अगदी डोळे भरून आले. आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हलकंही वाटलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा होतात ते त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी मेसमध्ये अजान झाली. खजूर, ताकासारखं लबान, शोरबा. कॅन्डिस फॉइलमध्ये एक वॅफल गरम करून घेऊन आली आणि चाचांच्या समोर बसली. सकाळचा राग अजून पुरता गेला नव्हता, पण ती आली होती. चाचांनी तुकडा तोडला. कुरकुरीत, गोड, आणि दाताखाली अक्रोड. बाकी कोरं.

"वास कसा हाय?" त्यांनी विचारलं.

कॅन्डिस वाकली. खायचं नव्हतं, पण वास घेतल्याने तिचाही उपास तुटत नव्हता. आधी लोणी येतंय, ती सांगू लागली. मग भाजलेला अक्रोड, थोडा धूर लागल्यासारखा. ओट्सचा नाही, ते दबलेत. दालचिनी आहे, पण दूर. चाचा एकेक घास खात गेले आणि ती एकेक वास सांगत गेली, तेव्हा कुठे तो एक वॅफल पुरा झाला.

"दालचिनी वाढवू," चाचा म्हणाले.

पलीकडच्या टेबलावर रोजचा चाँदचा वाद पेटला होता. कुणी म्हणत होतं शनिवार, कुणी रविवार. चाचांनी हात पुसले, खुर्ची त्या बाजूला वळवली आणि पूर्वीसारखा मोठ्याने आवाज लावला.

"शनिवारी," ते म्हणाले. "इन्शाल्ला, शनिवारीच दिसणार."