बटणांचं पुस्तक

शिरूरहून दौंडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत एक मामा न्हावऱ्याला चढायचे. खिडकीशी बसून बटणांच्या छोट्या मोबाईलवर कादंबरी वाचायचे. पुढचं पान आणायचं बटण दाबण्याआधी अंगठा हमखास जिभेला लावायचे. मला हसू यायचं. पुस्तक म्हणजे कागदाचंच, हा माझा हेका.

एकदा गाडी खड्ड्यात आदळली. मोबाईल निसटून त्यांच्याच पायावर पडला. मामांनी तो उचलला आणि आधी कपाळाला लावला.

मी म्हणालो, "अहो मामा, मोबाईल हाय तो!"

"व्हय. पण पुस्तक उघडं व्हतं न्हवं त्यात?"

तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला. मामांनी तो कट केला आणि निवांतपणे अंगठा जिभेला लावला.