हौसाचं गाणं आणि मी उचललेला भंडारा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसून माझ्या डब्यातली भाकरी खाणाऱ्या दोस्तालाही नाही. सात वर्षं झाली. सांगायचं म्हटलं की मी भलतंच काहीतरी बोलत सुटतो — उसाला तोड कधी, ओव्हरटाइम किती. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

आधी सोपं सांगतो. मला हौसाचं गाणं आवडतं.

हसू नका. आज हे म्हणायला काहीच लागत नाही, पण सात वर्षांपूर्वी आमच्या गावात हे मोठ्यानं म्हणायला छाती लागत होती. ती माझ्याकडं नव्हती. आमचं गाव शिरूरहून दौंडकडं जाताना रस्त्यापासून जरा आत आहे. आम्ही धनगर. आज्यापर्यंत मेंढरं होती, आता ऊस आहे आणि रांजणगावची शिफ्ट आहे. पण बिरोबाच्या जत्रेतला ढोल आणि ओव्या काही सुटलेल्या नाहीत. ओवी सुरू करताना आधी देवाचं नाव घेतात, त्याला सुंबरान म्हणतात. ते गड्यांनी म्हणायचं, अनवाणी म्हणायचं, ही रीत. आणि ही हौसा — नवऱ्याला सोडून आलेली, मोकळ्या केसांची — स्टेजवर उभी राहून, पायात बूट घालून सुंबरान म्हणायची! मागं ढोल, आणि ढोलाच्या मागं डीजे.

तेवढ्या बुटांवरून गावात राडा झाला होता. अर्धं गाव तिला शिव्या घालायचं, आणि उरलेलं अर्धं आधी चोरून ऐकून मग शिव्या घालायचं. तिचं गाणं उघड ऐकणाऱ्याला आमच्याकडं नाव पडलं होतं — बूट. 'तो व्हय? तो बूट हाय.' एवढंच म्हणायचे, पण ते पुरायचं. बुटाला मान नाही, बुटाच्या घरात पोरगी कोण देणार, बुटाला देवाच्या कामात कशाला घ्यायचं. मीही म्हणायचो हे. पारावर बसून सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणायचो. आणि सकाळी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून, कानात ते बिनवायरीचे बोंडले घालून, रांजणगाव येईपर्यंत तिलाच ऐकायचो. तिचा आवाज वर चढला की अंगावर काटा यायचा. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीही यायचं. मग टोपी पुढं ओढायचो. कसली ही जिंदगी?

गावात उघडा बूट एकच. दगडूमामा.

नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, सगळ्या गावाचेच मामा. साठी ओलांडलेली. जत्रेतल्या पहिल्या ढोलाचा मान त्यांचा, त्यांच्या आधी त्यांच्या बापाचा. मला ढोल त्यांनीच शिकवला. आमच्या घरात कुणाला ढोल धरताही येत नव्हता. मी पहिली तीन वर्षं तेलाच्या रिकाम्या डब्यावर बडवत होतो आणि मामा समोर बसून तंबाखू मळत म्हणायचे, अजून न्हाई, अजून न्हाई. पुढं ढोल हातात दिला तेव्हा डब्यापेक्षा जास्त शिव्या दिल्या. लेकराला शिकवावं तसं शिकवलं त्यांनी मला. त्यांना लेक एकच, ती सासरी चिंचवडला.

मामा हौसाबद्दल लपवायचे नाहीत. कुणी टोमणा मारला की म्हणायचे, अरे, बूट बघत बसलात तर गाणं कवा ऐकणार? मला मात्र एकट्याला समजावून सांगायचे. ही बाई ओवी जिथं सोडते, तिथं ढोलासाठी जागा ठेवते, आपल्या गड्यांना हे उभ्या जन्मात कळलं नाही. त्यांची एकच इच्छा होती. एकदा तिच्या आवाजाखाली आपला ढोल वाजवायचा. बास.

एकदा ते तिच्या कार्यक्रमाला दौंडला गेले. लेकीनं दिलेल्या फोनवर रेकॉर्डिंग करून आणलं. सुंबरान चालू असताना मध्येच मामांना राहवलं नाही, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचाच आवाज आला — 'व्वा गं माझी वाघीण!' ते त्यांनी मला पाठवलं. फक्त मला. म्हणाले, दुसऱ्या कुणाला पाठवू नको, मामीनं माझा आवाज ऐकला तर जेवायला वाढणार न्हाई.

आता तो दिवस. इथंच मी नेहमी अडतो.

जत्रा होती. देवळाला नवीन साउंड मशीन आणलं होतं. मी कंपनीत वायरिंगच्या लाईनवर, म्हणजे गावाच्या लेखी मी इंजिनिअर! त्यामुळं मशीन जोडायचं काम माझ्याकडं आलं. सकाळी मी माझा फोन ब्लूटूथनं मशीनला जोडला, आरती लावली, सगळे खूश. दुपारी मंडपात पंच बसलेले. पंचांत आप्पा — म्हणजे गावातला शेवटचा शब्द. आणि आप्पांच्या शेजारी पाटसकडचे पाहुणे बसलेले, कारण आप्पांच्या भाचीसाठी माझी सोयरीक चालली होती. पाहुणे मुलगा बघायला म्हणूनच आले होते. म्हटलं, जरा पाण्याच्या टाकीमागं जावं, दोन मिनिटं हौसाला ऐकावं, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल.

बोंडले कानात घातले. मामांनी पाठवलेलं गाणं लावलं. कानात काहीच येईना. मी आवाज वाढवला. तरी येईना. अजून वाढवला.

फोन अजून देवळाच्या मशीनला जोडलेला होता.

शिखरावरच्या कर्ण्यातून हौसा आख्ख्या जत्रेवर सुंबरान म्हणत होती. मला कळायलाच चार श्वास गेले. हाताला घाम, बोट काचेवरून घसरतंय, गाणं बंद होता होईना — आणि तेवढ्यात कर्ण्यातून सगळ्या गावाला ओळखीचा आवाज आला. 'व्वा गं माझी वाघीण!'

मी फोनच बंद करून टाकला. बोंडले टाकीत टाकले. हो, पाण्याच्या टाकीत. मग शर्ट झटकून, काहीच माहीत नाही असा चेहरा करून मंडपात आलो.

तोपर्यंत मामांना गराडा पडला होता. त्यांचाच आवाज, त्यांचंच वेड, आणि ढोल घेऊन बसलेही मशीनशेजारीच. पुरावा अजून काय पाहिजे? ब्लूटूथ लांबूनही चालतं, हे गावात माझ्याशिवाय ठाऊक कुणाला? कुणी म्हणालं म्हातारचळ लागलाय, कुणी म्हणालं देवाच्या कर्ण्यातून रांड नाचवली. मामी बायकांत बसल्या होत्या, त्यांनी तोंडावर पदर घेतला. त्या वेळी मी बोललो असतो तर? 'आप्पा, फोन माझा हाय.' एवढं सोपं वाक्य! पाहुणे उठून गेले असते, पारावर मला बूट म्हणाले असते. माणूस एवढ्यानं मरत नाही. मी पाहुण्यांकडं बघितलं आणि गप्प बसलो.

पण नुसतं गप्प बसण्यावर भागलं नाही. आप्पा म्हणाले, आज मशीनला ज्याचा ज्याचा हात लागलाय त्यानं भंडारा उचलावा. भंडारा उचलायचा म्हणजे देवासमोरच्या ताटातली हळद मुठीत घ्यायची आणि शपथ सांगायची. आमच्यात त्याच्या पुढं कोर्ट नाही. खोटा भंडारा उचलला तर वंश राहत नाही म्हणतात. आम्ही चौघे होतो. मामांचा नंबर पहिला.

मामांनी ताटाकडं बघितलं. मग आप्पांना म्हणाले, "म्या भंडारा उचलत न्हाई. गाणं वाजलं ह्यात पाप काय झालं, ते आधी सांगा. पापच न्हाई तर शपथ कशाची खाऊ?"

लोकांना वाटलं, कबूलच केलं. पण तुम्ही विचार करा. ते रेकॉर्डिंग दोनच फोनांत होतं. एक त्यांचा, दुसरा कुणाचा हे त्यांना ठाऊक नव्हतं का? हात उचलून माझ्याकडं नुसतं बोट केलं असतं तरी सुटले असते. त्यांनी माझ्याकडं मान वळवूनही बघितलं नाही.

नंतर दोघांनी भंडारा उचलला, ते खरेच होते. शेवटी मी. मूठ भरली. म्हणालो, "बिरोबाची आन, म्या वाजवलं न्हाई." आवाज जरासुद्धा हलला नाही माझा. याचीच मला जास्त भीती वाटते.

मामांच्या गळ्यातला ढोल तिथंच उतरवला. आप्पांनी विचारलं, पालखी खोळंबलीय, आता पहिला ढोल कोण धरणार? पहिला ढोल धरता येईल असं माणूस गावात दुसरं एकच होतं. तुम्हाला कळलंच असेल. हातावरची हळद अजून पुसलीही नव्हती, त्याच हातानं मी ढोल गळ्यात घातला. पाटसचे पाहुणे खूश होऊन गेले. पुढच्या महिन्यात सुपारी फुटली.

मामांना एक वर्षाची बंदी म्हणाले होते. वर्ष संपलं, कुणी आठवण काढली नाही. मी तरी कुठं काढली? मान गळ्यात पडला की माणसाला तो आपलाच वाटायला लागतो. मामी देवळात यायच्या बंद झाल्या. मामा रस्त्यात भेटले की मी गाडी हळू करायचो, राम राम घालायचो, ते घ्यायचे. दुसऱ्या वर्षीच्या जत्रेनंतर मला थांबवलं. मला वाटलं, आलं आता. तर म्हणाले, "डाव्या हाताची थाप हलकी पडती तुझी. मनगटातनं सोड." घरी बसून, एवढ्या लांबून, त्यांनी माझा ढोल ऐकला होता आणि चूकही काढली होती. मी हो म्हणालो आणि गाडीला किक मारली. पुढं गेल्यावर मला रडू आलं. पण मागं वळलो नाही, हेही लिहून ठेवतो.

मला आता मुलगी आहे, चार वर्षांची. तिला ताप आला की मी रात्रभर तिच्या उशाशी बसून राहतो. बायको म्हणते, अहो, साधा सर्दीताप आहे, असं काय करता? मी तिला काय सांगू?

आणि मधल्या काळात काय झालं माहितीय? हौसा मोठी झाली. टीव्हीवर आली, पुण्यात तिचे सत्कार झाले. मग आमच्या लोकांना तिचे बूट दिसेनासे झाले. माझी बायको भाकरी थापताना तिच्या ओव्या लावते. आप्पांच्या फोनची रिंग तिचीच आहे! बूट हा शब्द गावातून असा गेला की जणू कुणी कधी वापरलाच नव्हता. सगळे सुटले. एक माणूस तेवढा अडकून राहिला.

या वर्षी जत्रेला गावानं हौसालाच बोलावलं. बैठकीत ठरत होतं तेव्हा मी म्हणू शकत होतो की त्या दिवशीचा ढोल दगडूमामांना द्या. तेवढं म्हणायला जुनं काही उकरावं लागत नव्हतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मग मनात आलं, तिच्या आवाजाखाली ढोल वाजवायची संधी पुन्हा कधी मिळेल? मलाही ती आवडतेच ना?

म्हणून मीच वाजवला. चार वाजता, उन्हं उतरताना. ती बूट घालूनच आली. मामा खरंच सांगायचे. ओवी सोडताना ती जागा ठेवते, नेमकी, आणि त्या जागेत थाप पडली की छातीत काहीतरी मोकळं होतं. मी इतका सुखात होतो की घटकाभर सगळं विसरलो. मामा आले होते. मंडपात नाही, पलीकडं मोटारसायकली लावल्या होत्या तिथं, एका गाडीला टेकून उभे. बोटं मांडीवर चालली होती.

दोन ओव्या झाल्या आणि हौसानं मला जवळ बोलावलं. माईकवर म्हणाली, असा ढोल मी लई दिवसांत ऐकला न्हाई. कुणी शिकवला तुम्हाला?

माईक माझ्यापुढं धरला. मोटारसायकलींकडं माझी नजर गेली. मामा सरळ उभे राहिले होते.

मी म्हणालो, "देवानं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आप्पांनी भंडारा उधळला. मामांनीही टाळ्या वाजवल्या, तीन-चार. मग खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि गाड्यांमधून वाट काढत घराकडं चालू लागले. हौसानं पुढची ओवी धरली, आणि मी थाप टाकली.