थांबलेलं पाणी

सासरे तिला चिखलबाई म्हणत, तेही पाहुण्यांसमोर. शिकली होती इंजिनिअरिंग, आणि जन्मभर एकच काम केलं: जिथे खडक लागत नाही अशा वाळूवर बुटके बंधारे बसवायचे. जास्तीचं पाणी डोक्यावरून सांडतं, बाकीचं कालव्यानं खाली जाऊन वीज करतं. खरी मेख बंधाऱ्याच्या पोटाखाली. तिथूनही पाणी वाट शोधतं. ती वाट लांबावी म्हणून वाळूत लोखंडी पत्रे उभे ठोकतात. अशाच एका बंधाऱ्याचं ड्रॉइंग सुनेचं, ठेका सासऱ्यांचा. पत्रे त्यांनी निम्म्या लांबीवर कापले.

“सूनबाई, गुडघाभर बंधाऱ्याला एवढी मुळं कशाला?”

नवऱ्यानं ताटातून मान वर केली नाही. ती त्याची जुनी कला.

बंधाऱ्यामागं तळं भरलं आणि खालच्या अंगाच्या काँक्रीटच्या फरशीलगत वाळूतून एक झरा उकळल्यासारखा वर येऊ लागला. तिनं राखणदार काकांना काचेचा पेला दिला. “रोज भरून उजेडात धरा. नितळ असेल तर भिऊ नका. गढूळ दिसलं तर आतली वाळू निघाली समजा. मला फोन करा.”

काकांनी केला. ती आंघोळीला गेली होती, उचलला सासऱ्यांनी. ती बाहेर येईपर्यंत त्यांनी तिच्या नवऱ्याला सिमेंट घेऊन पिटाळलं होतं.

“झरा बुजवायला?” ती किंचाळली. “बाबा, त्यावर वाळू, खडी, दगड असे थर द्यायचे असतात. पाणी येऊ द्यायचं, वाळू अडवायची. बुजवलंत तर ते फरशीच उचलेल! आधी बंधाऱ्याची दारं उघडा, तळं उतरवा.”

“उद्या वीज घेणारी माणसं येतायत. त्यांना उकळतं भोक दाखवू? गप बस.”

नवऱ्यानं फोन उचलला नाही. तिचं नाव दिसलं असणार. दुपारी काकांचाच आला.

“ताई, थांबलं हो पाणी! साहेब झकास लिंपून गेले. कोरडं ठणठणीत! इथेच बसून डबा खातोय.”

“काका, उठा! काठावर या आधी!”

“अहो, आता कसली भीती?” ते हसले. ते हसणं अर्धंच ऐकू आलं.

फरशी उचलली गेली, पाठोपाठ बंधारा मधोमध बसला. काका फार खाली, गाळात सापडले. चौकशीत नवरा म्हणाला, “ड्रॉइंग बायकोचं.” खोटं कुठे होतं त्यात? काकांची बायको दारात येऊन ओरडून गेली, “पेला देऊन तूच बसवलंस ना त्यांना तिथे?” तेही खरंच. म्हणून जास्त झोंबलं.

वर्ष उलटलं, नवा ठेका आला.

“यावेळी पत्रे खोल घाल हो चिखलबाई,” सासरे म्हणाले. “शहाणी झाली असशील.”

तिनं जुनाच कागद काढला आणि तीच खोली पुन्हा आखली.

“कापायचे तर खुशाल कापा, बाबा.”

“आणि राखणदार कोण?” नवऱ्यानं विचारलं.

“तू,” ती म्हणाली, आणि पेला त्याच्या ताटाशेजारी ठेवला.