आज्ञा गुरुवारी माझा उजवा पाय

उपासनेत थाट वाढला की देव दोन पावले मागे सरकतो, असा माझा जुना संशय आहे आणि जुन्नरच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत मी तो कधी लपवला नाही. नाताळच्या नाटकात प्रभूजन्माच्या गोठ्यात येणाऱ्या मागी, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी, लोकांचे जरीचे झगे पाहिले की मला गोठ्यातले शेण आठवे. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत पुढे कोण चालणार यावरून मंडळीचे वडीलजन रुसत, तेव्हा त्या दिवशी प्रभू ज्याच्यावर बसून आला त्या गाढवाची दया येई.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्याकडे तरुण पाळक आले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे आज्ञा गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आपण बारा जणांचे धुणार, असे त्यांनी जाहीर केले. पितळी घंगाळ आले, नवा टॉवेल आला, फोटोग्राफर ठरला. बारा पुरुष जमेनात, म्हणून निवृत्त शिक्षक या नात्याने मलाही धरले. बाकीच्या अकरा जणांनी घरीच वजरीने घासून पाय चकचकीत केले. मी मुद्दाम धुळीच्या पायांनी निघालो. धुवायचेच तर मळके धुवा! बायकोने दारातच सुनावले, "अहो, आज तरी वाकड्यात शिरू नका."

माझा संशय रास्त निघाला. पाळक प्रत्येकाच्या पावलावर वरून ओंजळभर पाणी सोडत, टॉवेल टेकवत आणि फोटोसाठी मान वर करून थांबत. तळव्यापर्यंत पाणी पोचतच नव्हते. सातव्या माणसापाशी मात्र ते वाकले ते वाकलेलेच राहिले. कमरेत उसण भरली होती. दोघांनी धरून त्यांना बाकावर बसवले. उरलेल्या पाच जणांपुढे आता कोण वाकणार? वडीलजन एकमेकांची तोंडे पाहू लागले.

पाण्याची कळशी घेऊन साखरबाई तिथेच उभी होती. ही घोडेगावकडची विधवा. आमच्या चर्चमध्ये झाडलोट करायची आणि दर संकष्टीला न चुकता ओझरच्या गणपतीला जायची.

"सरा वाईच," ती म्हणाली, "मी धुते."

बाकावरून पाळक कण्हले, "साखरबाई, नुसतं पाणी सोडायचं असतं."

"मंग त्याला धुनं कशाला म्हनायचं, सायेब?"

ती खाली बसली आणि शेतातून आलेल्या पोराचे पाय धुवावेत तशी खसाखसा चोळू लागली. वडीलजनांना गुदगुल्या होत होत्या. मी शेवटचा.

"गुरुजी, नांगर धरून आलात का काय?"

सगळे हसले. ही बाई चारचौघांत माझा पाणउतारा करते आहे असे वाटून मी उजवा पाय मागे ओढला. तिने टाच सोडली नाही. तळव्यावर अंगठा दाबला आणि तिचे हसू गेले.

"दुखतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही. आटपा."

"अवो, काटा मोडलाय आत. पू येतोय. अन् तुमाला कळंना?"

मला दहा वर्षांचा मधुमेह. पाय बधिर झाला आहे, हे मला त्या क्षणी कळले. फोटोग्राफरनेच मला मोटारसायकलवरून नारायणगावला नेले. बाभळीचा काटा निघाला, दोन बोटे गेली. आणखी काही दिवस गेले असते तर गुडघ्याखालचा पाय काढावा लागला असता, असे डॉक्टर म्हणाले.

मी याला चमत्कार म्हणणार नाही. उसण कुणालाही भरते. पण पाळकांची कंबर शाबूत राहिली असती, तर माझ्या पावलावर छान पाणी पडले असते, फोटोही चांगला आला असता आणि पाय गेला असता. एवढ्यावर माझी शंका येऊन थांबते. पुढे तिला वाट सापडत नाही.

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या रविवारी थोमाची गोष्ट वाचतात; उठलेल्या प्रभूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो शिष्य. ती मी दवाखान्यातच वाचली. जन्मभर मी ती बोट घालून पाहणाऱ्याच्या बाजूने वाचत आलो होतो. ज्याने आपली जखम पुढे केली, त्याच्याकडे माझे लक्षच गेले नव्हते. मी गुपचूप प्रभूचे आभार मानले. शब्द जुळेनात, म्हणून थोडक्यातच मानले.

दुपारी साखरबाई भेटायला आली. काही न विचारता तिने चादर उचलली. मी पाय पुढे केला.